शाळेतल्या पंगतीबाबत खान्देशातील पालकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद, जळगाव आणि धुळे

महोदय,

"माय, तठे भलता कल्ला शे," एवढेच सांगून आमची मुले शाळेतून उपाशी घरी येतात. पत्र्याची शेड, ताटांचा खणखणाट, फोडणीतल्या मिरचीचा ठसका, शेदीडशे पोरांचा गलका. इतरांची भूक जिथे खवळते, तिथेच आमच्या मुलांची मरते. हे नखरे नाहीत. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना आवाज, वास आणि अन्नाचा जिभेवरचा स्पर्श सोसत नाही. घरी कोरडी बट्टी आवडीने खाणारे पोर, तीच बट्टी वरणात चुरली की ओकाऱ्या काढते.

पंतप्रधान पोषण योजनेत प्राथमिकच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम आणि उच्च प्राथमिकच्या मुलामागे 150 ग्रॅम धान्य धरलेले आहे. ते शाळेत येते, शिजते, ताटात पडते आणि तिथेच राहते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि कलम 16 नुसार मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करून देणे हे शाळेवर बंधनकारक आहे. जेवणाची सुट्टीही शाळेचाच भाग आहे.

सर्वांत मोठी मागणी न कालवलेल्या अन्नाची. वरण-भाताच्या दिवशी वरण भातावर ओतू नये, वाटीत वेगळे द्यावे. खिचडीच्या दिवशी अशा मुलांपुरता साधा भात बाजूला काढावा. तांदूळ तोच, वजन तेच. तेही उतरले नाही, तर घरचा डबा खाऊ द्यावा.

घंटेच्या पाच मिनिटे आधी मुलाला बसू द्यावे, पंगतीच्या टोकाला, नळ आणि ताटांच्या ढिगापासून दूर. घरचे ताट चालवून घ्यावे. "संपव आधी" म्हणून सगळ्यांसमोर दटावू नये. वेगळी खोली मात्र नको. सोबत एखादा मित्र हवाच, नाहीतर ती शिक्षाच होते. स्वयंपाकी ताई आणि मदतनिसांना विशेष शिक्षकांनी हे एकदा नीट समजावून सांगावे. समजले की त्याच जास्त जीव लावतात, असा आमचा अनुभव आहे.

यातल्या कशालाच वेगळा निधी लागत नाही. अडते ते "मेनूत नाही, तपासणीत विचारतील" या मुख्याध्यापकांच्या धास्तीपाशी. म्हणून तोंडी आश्वासन नको. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी दोन्ही जिल्ह्यांसाठी लेखी परिपत्रक काढावे आणि त्याची प्रत प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीला द्यावी, ही विनंती.

आपले,
जळगाव व धुळे जिल्ह्यांतील पालक