आधी मोजमाप, मग समेट

पालखेड डाव्या कालव्याचे आवर्तन सुटले की येवला तालुक्यात एक तक्रार हमखास ऐकू येते : वरच्यांनी पाणी अडवले. कालव्यात डोंगळे, म्हणजे पाणी चोरून ओढणारे पाइप, पडतात, चारीचे दार रात्री कुणी उचलले यावर भांडण जुंपते, गावातले जाणते समजूत घालतात. त्यांची तळमळ खरी असते, तरी समेट पुढच्या आवर्तनापर्यंत टिकत नाही. दोष माणसांच्या स्वभावाला देणे मला पटत नाही. आपला वाटा किती आणि हाती आले किती, हे कुणालाच ठाऊक नसेल, तर शेजाऱ्यावर संशय घेण्यावाचून शेतकऱ्याजवळ उरते काय?

यावरचा मार्ग याच नाशिक जिल्ह्यात सापडला आहे. वाघाड प्रकल्पाच्या शेवटच्या टोकाला असलेल्या ओझरला पाटपाणी धड पोहोचत नव्हते. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने १९९०च्या दशकारंभी तिथे पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांनी पाटबंधारे खात्याकडून पाणी मोजून घेतले, वाटप आणि पाणीपट्टीची वसुली स्वतःच्या अंगावर घेतली. पुढे वरच्या भागातही संस्था झाल्या आणि सगळ्या मिळून प्रकल्पस्तरीय संस्था उभी राहिली. २००५च्या राज्य कायद्याने घनमापन पद्धतीने पाणी देण्याचे तत्त्व स्वीकारले आणि संस्थेच्या संचालक मंडळात वरच्या, मधल्या व शेवटच्या भागाला समान प्रतिनिधित्व दिले. शेवटच्या शेतकऱ्याला ज्या बैठकीत हक्काची खुर्ची आहे, तिथे त्याला कालव्यावर जाऊन भांडावे लागत नाही.

कुणी म्हणेल, अशा कितीतरी संस्था कागदावरच राहिल्या. खरे आहे. पण मोजणीची साधने बिघडलेली, चाऱ्या फुटलेल्या आणि निर्णय दुसऱ्याच्या हाती, अशा स्थितीत सोपवलेला कारभार चालणार कसा? दुसरा आक्षेप अधिक जड आहे : धरणातच पाणी नसेल तर मोजायचे काय? मोजमापाने पाणी वाढत नाही, हे मान्य. मात्र तूट सर्वांच्या वाट्याला सारखी आली हे आकड्यांत दिसले, तर दुष्काळ सोसूनही माणसे एकमेकांची राहतात. म्हणून येवल्यात रब्बीच्या आवर्तनाआधी वरच्या आणि शेवटच्या गावांनी एकत्र बसावे, चाऱ्यांची पाहणी सोबत करावी आणि रोजचा विसर्ग गावागावांत फलकावर लिहावा. विश्वास ठेवा असे सांगून विश्वास बसत नाही. हिशेब सर्वांसमोर मांडला की तो हळूहळू बसू लागतो.