चौदाशे डॉलरची माया

टोरांटोत घरे विकली जाईनाशी झाली की एक मागणी हमखास पुढे येते: पहिले घर घेणाऱ्यांना करसवलत वाढवून द्या. पूर्वपक्ष असा की सवलतीने अडलेली तरुण कुटुंबे पुढे येतील, बाजार सावरेल आणि बिल्डरांची कामे चालू राहतील. ही मागणी इतकी साळसूद आहे की निवडणुकीच्या तोंडावर तिला विरोध करायला सहसा कोणी धजत नाही.

आधी या सवलतीचे माप घेऊ. जागतिक मंदीत, 27 जानेवारी 2009च्या अर्थसंकल्पात कॅनडाचे तेव्हाचे अर्थमंत्री जिम फ्लॅहर्टी यांनी ती आणली: पाच हजार डॉलरवर पंधरा टक्के, म्हणजे 750 डॉलर. 2022मध्ये तेव्हाच्या अर्थमंत्री क्रिस्टिया फ्रीलँड यांनी ती दुप्पट केली. पुढे आयकराचा सर्वांत खालचा दर चौदा टक्क्यांवर आला आणि त्याच दराने मोजली जाणारी ही सवलत 2026साठी आपोआप 1,400 झाली. सात लाखांचा कॉन्डो घ्यायचा तर किमान डाउन पेमेंट 45,000 डॉलर लागते, आणि ते ताबा घेतानाच मोजावे लागते. सवलत मिळते नंतर, टॅक्स भरताना. तीही कर लागू असेल तरच. ज्याच्याकडे 45,000 नाहीत, त्याला तिचा उपयोग नाही. ज्याच्याकडे आहेत, तो तिच्यावाचूनही घर घेणारच होता. मग ही मदत झाली कुणाला?

यावर उत्तर येते, ‘2009मध्ये बाजार उसळला होता ना?’ उसळला होता. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये बँक ऑफ कॅनडाने व्याजदर पाव टक्क्यावर आणला होता. कर्ज इतके स्वस्त झाल्यावर 750 डॉलरला श्रेय देणे म्हणजे कोंबडा आरवला म्हणून उजाडले असे मानणे आहे.

‘रक्कम छोटी आहे, मोठी द्या’ असे म्हणणाऱ्यांनी शेजारी पाहावे. अमेरिकेने 2009मध्ये 8,000 डॉलरपर्यंत सवलत दिली. सौदा करण्याची मुदत 30 एप्रिल 2010ला संपली, आणि जुलैत जुन्या घरांची विक्री आदल्या महिन्यापेक्षा सुमारे 27 टक्क्यांनी कोसळली. पुढे येणारी गिऱ्हाइके आधी आली, एवढेच. शिवाय गिऱ्हाइकाच्या खिशात आठ हजार जास्त आहेत हे विकणाऱ्यालाही कळते. तो भाव का उतरवील?

खरी सवलत तर मंदीच देते आहे. टोरांटो परिसरातल्या घरांची सरासरी किंमत फेब्रुवारी 2022मध्ये 13 लाख डॉलरच्या वर होती. 2025ची सरासरी 11 लाखांच्या आत आली. दोन लाखांहून अधिक उतार, आणि त्यासाठी कुठला फॉर्म भरावा लागला नाही. 2022च्या भावात घर घेऊन बसलेल्यांचे दुःख खरे आहे, त्यात आपल्या ओळखीची मराठी घरेही असतील. पण त्यांचा तोटा भरून काढायला नव्या कुटुंबाला चढ्या भावात अडकवायचे, हा न्याय कुठला?

पूर्वपक्षाचा एकच मुद्दा वजनदार आहे. भाव पडले की बिल्डर नवे प्रकल्प हाती घेत नाहीत, आणि काही वर्षांनी टंचाई होऊन भाव पुन्हा भडकतात. मान्य. पण मग मदत बांधकामाला करा. रिसेलचे घर घेणाऱ्याला पैसे देऊन एक वीटही वाढत नाही. या कसोटीवर मे 2025मध्ये ओटावाने, म्हणजे केंद्र सरकारने, जाहीर केलेली जीएसटी-माफी बरी. ती फक्त नव्या घरांवर आहे: दहा लाखांपर्यंतच्या घराला पूर्ण पाच टक्के, म्हणजे जास्तीत जास्त 50,000 डॉलर. तिच्यातही ‘पहिले घर’ ही अट मात्र नडते. साठीतले जोडपे नव्या छोट्या फ्लॅटमध्ये गेले, तर त्यांचे जुने घर एखाद्या तरुण कुटुंबालाच मिळेल ना?

या ‘पहिल्या’ची व्याख्याही जागोजागी वेगळी. ऑन्टारियोचा लँड ट्रान्सफर टॅक्स 4,000 डॉलरपर्यंत परत मिळतो, पण जगात कुठेही पूर्वी घर नावावर नसेल तरच. वडिलांनी ठाण्याच्या फ्लॅटवर हौसेने नाव चढवले असेल, तर टोरांटोशेजारच्या मिसिसागात आपण ‘पहिले’ उरत नाही.

बांधकामाला मदत करण्याचा रस्ता नगरपालिकांनी दाखवला आहे. नव्या घरावर त्या जे डेव्हलपमेंट चार्जेस लावतात, ते बहुधा किमतीतच मिसळले जातात. टोरांटोजवळच्या व्हॉन शहराने नोव्हेंबर 2024मध्ये स्वतंत्र घरावरचे शुल्क सुमारे 94,000वरून 50,000 डॉलरवर आणले. मिसिसागाने जानेवारी 2025मध्ये निवासी शुल्क निम्मे केले, आणि भाड्यासाठी बांधल्या जाणाऱ्या तीन बेडरूमच्या घरांवरचे पूर्ण माफ केले. अडचण एवढीच की पाण्याच्या नळापासून रस्त्यापर्यंतचा खर्च याच शुल्कातून निघतो. ते कमी केले तर भार मालमत्ता करावर येतो. ओटावाने हे चौदाशेचे वाटप थांबवावे आणि तो पैसा शुल्क उतरवणाऱ्या शहरांना भरपाई म्हणून द्यावा.