मळीचे मोल

उसाचा रस आटवून त्यातील साखरेचे दाणे वेगळे केले, की मागे काळा, दाट आणि उग्र वासाचा द्रव उरतो. त्याला मळी म्हणतात. एक टन ऊस गाळला तर सुमारे 40 किलो मळी निघते. तिच्यातून आणखी साखर काढणे परवडत नाही. तरीही तिच्या वजनाच्या जवळजवळ निम्मी साखर तिच्यात शिल्लक असते. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि 1950 नंतर महाराष्ट्रात अशा कारखान्यांची रांगच लागली. साखरेबरोबर मळीही वाढली. तिचे करावयाचे काय, या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळाले : मद्यार्क.

हे उत्तर चुकीचे नाही. मद्यार्क दवाखान्यात लागतो, रंगांच्या कारखान्यात लागतो, आता तो पेट्रोलमध्येही मिसळतात. पण ते एकमेव उत्तर आहे, असे मानणे मात्र चुकीचे होय.

मळीचा मद्यार्क करणारा कारागीर म्हणजे यीस्ट. पाव फुगतो तोही त्याच्याचमुळे. हा एकाच पेशीचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा जीव मोठा चमत्कारिक आहे. त्याला हवा मिळू दिली नाही, तर तो साखरेचा मद्यार्क करतो आणि स्वतः बेताचाच वाढतो. उलट, द्रावणात सतत हवा खेळवली आणि साखर थोडी थोडी घातली, तर तीच साखर खाऊन तो झपाट्याने वाढू लागतो. हवेचा हा प्रभाव लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1861 साली दाखवून दिला. वाळवलेल्या यीस्टमध्ये जवळजवळ निम्मी प्रथिने असतात! एक टन मळीपासून अशी शंभर किलोंहून अधिक प्रथिने मिळू शकतात. अर्थात ती शून्यातून येत नाहीत. साखरेत नत्र नसते आणि नत्रावाचून प्रथिन होत नाही. म्हणून अमोनियाचे क्षार आणि थोडे स्फुरद पुरवावे लागते. हवा खेळवण्यास आणि तापलेले द्रावण थंड राखण्यास वीजही पुष्कळ लागते.

पहिल्या महायुद्धात जर्मनीला परदेशातून येणारे पशुखाद्य बंद झाले, तेव्हा तेथील लोकांनी मळीवर यीस्ट वाढवून ती उणीव काही अंशी भरून काढली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जमैका बेटावर फ्रोम येथे उसाच्या मळीपासून खाद्य यीस्ट करण्याचा कारखाना निघाला. म्हणजे ही युक्ती नवी नाही. संकट आले की माणसाला ती आठवते आणि संकट टळले की तिचा विसर पडतो.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. स्वस्त प्रथिन सापडले, की ते गरिबांच्या ताटात वाढावे असा विचार काहींच्या मनात चटकन येतो. तो योग्य नव्हे. यीस्टमध्ये न्यूक्लेइक आम्ल पुष्कळ असते. माणसाच्या शरीरात त्याचे यूरिक आम्ल होते आणि ते साचले की सांधे दुखतात, मुतखडे होतात. म्हणून प्रौढ माणसाच्या पोटात या मार्गाने दिवसाला 2 ग्रॅमहून अधिक न्यूक्लेइक आम्ल जाऊ नये, असे आहारतज्ज्ञांनी ठरविले आहे. कोंबड्यांना ही अडचण नाही. पक्षी यूरिक आम्ल विष्ठेवाटे सहज टाकून देतात. तेव्हा मळीवरचे यीस्ट आधी कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्यात जावे, आणि मुलांच्या ताटात अंडे यावे, हाच मार्ग शहाणपणाचा.

मिठाईच्या दुकानात उरलेला पाक, फळांचा रस काढल्यावर राहिलेला गोड चोथा, यांवरही यीस्ट वाढते. परंतु हे पदार्थ ठिकठिकाणी विखुरलेले असतात. ओला चोथा तर एका दिवसात नासतो. मळी एका ठिकाणी, टाक्यांत, महिनोन्‌महिने टिकते. म्हणून आरंभ साखर कारखान्यांच्या आवारातच व्हावयास हवा. हवेची नळी आणि यंत्रे तेवढी बसवावयाची. मळी, पाणी आणि चिपाडे जाळून मिळणारी वाफ तेथे आधीपासूनच आहे.