तंबू उठलाच पाहिजे

गेल्या महिन्यात आमच्या वर्गात वार्षिक शिबिरावरून बराच वाद झाला. तळ्याकाठी राहुट्या ठोकून राहण्याची जुनी पद्धत आता पुरे, त्यापेक्षा पक्क्या खोल्या, पंखे आणि नळ असलेल्या ठिकाणी जावे, असे पुष्कळांचे मत पडले. मी एकटीच विरोधात बोलले, आणि "तुला चिखलाची एवढी हौस कशी?" असा प्रश्न ऐकून खाली बसले. त्या वेळी नीट देता न आलेले उत्तर या लेखातून देण्याचा प्रयत्न करते.

चिखलाचा अनुभव मला आहे, आणि तोही साधासुधा नाही. 2016 साली उज्जैनला सिंहस्थ भरला होता. माझी पाचवीची परीक्षा आटोपली होती. सैन्यातून निवृत्त झालेले माझे आजोबा आजीला आणि मला घेऊन पुण्याहून इंदूरच्या गाडीने उज्जैनला गेले. आम्ही क्षिप्रेच्या काठी, मंगलनाथाच्या बाजूला, एका छावणीत उतरलो. नजर पोहोचेल तिथवर कापडाचे शहर पसरले होते. एरवी जिथे गहू आणि सोयाबीन पिकतो त्या शेतांत महिनाभर लाखो माणसे नांदत होती.

आजोबांनी तंबूत सामान ठेवण्याआधी बाहेरून एक फेरी मारली. खुंट्या हलवून पाहिल्या, तणावे ओढून पाहिले आणि व्यवस्थापकाला विचारले, "भोवती चर का नाही खणला?" तो हसून म्हणाला, "बाबूजी, वैशाख में कौनसी बारिश?" आजोबांनी वाद घातला नाही. कुठून तरी कुदळ मिळवली आणि आमच्या तंबूभोवती वीतभर खोल चर खणून तो उताराकडे काढून दिला. मला त्यांची लाज वाटली होती, हे प्रांजळपणे सांगते.

5 मे रोजी दुपारी वादळ आले. माळव्याची काळी माती पाणी पिऊन लोण्यासारखी झाली, खुंट्या आपोआप सुटू लागल्या, मोठमोठे मंडप आडवे झाले. त्या दिवशी मेळ्यात काही भाविकांना प्राण गमवावे लागले. आमचा तंबू भिजला, पण उभा राहिला. रात्री शेजारच्या तीन कुटुंबांसह आम्ही चौदा माणसे त्यात दाटीवाटीने बसून होतो. त्यांत एक धारवाडकडचे कानडी कुटुंब होते. त्यांच्या आजी आणि माझी आजी, दोघींनाही हिंदी धड येत नव्हते, तरी पहाटेपर्यंत दोघींचे बोलणे चालले होते.

कोणी म्हणेल, हा अनुभव तर तंबूंच्या विरुद्धच साक्ष देतो. मला तसे वाटत नाही. खुंटी कशी ठोकावी आणि पाणी कुठे काढून द्यावे हे विसरलेल्या माणसांविरुद्ध ती साक्ष आहे. तंबूत राहणे ही एक विद्या आहे, आणि ती विद्या सोडून दिली की तंबू धोकादायक होतो.

उज्जैनचा हा प्रश्न पुढे अधिकच गंभीर झाला. पुढचा सिंहस्थ 2028 साली आहे. त्यासाठी मेळ्याच्या जमिनीवर पक्के रस्ते आणि कायमची बांधकामे करावीत, अशी योजना मध्य प्रदेश सरकारने पुढे आणली. आजवरची रीत निराळी होती. शेतकऱ्याने काही काळ जमीन द्यायची, मोबदला घ्यायचा, मेळा उठला की शेत परत कसायचे. नव्या योजनेत जमिनीचा काही भाग कायमचा जाणार होता. शेतकऱ्यांनी आंदोलन केले आणि 2025 च्या अखेरीस सरकारला ती योजना मागे घ्यावी लागली.

माझ्या मते शेतकऱ्यांचे म्हणणे योग्य होते, आणि ते केवळ जमिनीपुरते नव्हते. मेळा येतो आणि जातो, म्हणूनच त्याखालची भूमी टिकते. मुक्काम उठला नाही तर काय होते हे मराठी माणसाला ठाऊक असायला हवे. उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला तळ दिला. तो तळ उठलाच नाही. आज त्या तळाचे गजबजलेले शहर झाले आहे आणि त्याचे नाव अजूनही 'लष्कर' असेच आहे. राजधानीसाठी ते ठीक, पण बारा वर्षांतून एक महिना भरणाऱ्या मेळ्यासाठी शेतांचे शहर का करावे?

याचा अर्थ काहीच पक्के नको, असा नाही. घाट, पूल, दवाखाने आणि सांडपाण्याची व्यवस्था पक्कीच हवी. विशेषतः सांडपाण्याची. इंदूरची घाण वाहून आणणारी खान नदी उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. क्षिप्रेत पाणी राहावे म्हणून 2014 पासून नर्मदेचे पाणी पंपांनी सुमारे 350 मीटर उंच चढवून तिच्या उगमाकडे सोडले जाते. एवढ्या कष्टाने आणलेले पाणी पुन्हा घाण करायचे, हा कसला व्यवहार? हेच पाणी पुढे चंबळेतून गांधीसागराला जाते. त्या जलाशयाच्या काठी अलीकडे पर्यटकांसाठी सर्व सुखसोयींचे तंबू उभारले जातात. तिथे उतरणाऱ्या किती जणांच्या मनात येत असेल की समोरच्या पाण्यात उज्जैनचाही वाटा आहे?

साध्या तंबूत हा विसर पडत नाही. बादलीभर पाणी स्वतः आणले की ते जपून वापरले जाते. भांडी घासलेले पाणी कुठे जाते ते डोळ्यांसमोर दिसते. नळ आणि मोरी आली की आणणेही संपते आणि दिसणेही संपते. पक्की खोली मिळाली म्हणून घाण नाहीशी होत नाही. ती फक्त दुसऱ्याच्या दारात जाते.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, शिबीर तळ्याकाठीच व्हावे आणि राहुट्यांतच व्हावे, असे मी पुन्हा म्हणते. मात्र चर आपण खणू, खुंट्या आपण ठोकू, आभाळाकडे लक्ष ठेवू. आणि निघताना चर बुजवू, कचरा बरोबर घेऊ.

वादळानंतर चार दिवसांनी आम्ही निघालो, तेव्हा आजोबा आपण खणलेला चर पायाने माती ढकलून बुजवत होते. गाडीची वेळ होत आली होती आणि आजी रागावली होती. ते म्हणाले, "अगं, शेत आहे कुणाचं तरी. उद्या नांगर अडकेल त्याचा."