आधी दारे मोजा

महाळुंगे म्हटले की पुणेकर बालेवाडीकडे बघतो. इथे विषय आहे तो चाकणच्या महाळुंग्याचा: बजाज ऑटोचा कारखाना, एमआयडीसीचे रुंद रस्ते आणि ते संपताच सुरू होणाऱ्या भाड्याच्या खोल्या. अशा वस्तीत घरोघर फायबर न्यायचे ठरले की चर्चा केबलच्या मीटरमागच्या दरावर अडते. पैसा मात्र जातो खोदाईत, आणि त्याआधी एकच गल्ली तीनदा पायी मोजण्यात: अंदाजपत्रकासाठी, परवानगीच्या नकाशासाठी आणि पुन्हा काम सुरू करताना.

हे तिन्ही सर्व्हे एका फाइलीत बसतात. क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर फुकट मिळते, ओपनस्ट्रीटमॅपवर रस्ते आहेत, गूगलच्या ‘ओपन बिल्डिंग्ज’मध्ये भारतातल्या इमारतींच्या बाह्यरेषाही आहेत. हजार-दोन हजार घरांच्या जाळ्यासाठी महागड्या सॉफ्टवेअरचा परवाना घेण्याचे कारण उरत नाही. अडचण वेगळीच. उपग्रहाला पत्रा दिसतो, पत्र्याखालच्या दहा खोल्या दिसत नाहीत. तेव्हा पायी फिरायचे ते दारे मोजायला, खांब कुणाचा ते टिपायला आणि चाळमालकाशी बोलायला. मोजायची दारेच, आजचे ग्राहक नव्हेत. भाडेकरू बदलतो, दार तिथेच राहते.

इंग्लंडच्या लँकशायरमध्ये २०११ साली उभ्या राहिलेल्या ‘बी फोर आर एन’ या लोकसंस्थेला शेतकऱ्यांनी शेतातून मोफत वाट दिली आणि रस्ते फोडण्याचा बराच खर्च टळला. आपल्याकडे शेताच्या जागी गच्ची आहे. संमती मात्र लेखी घ्यावी. तोंडी होकार चाळ विकली की संपतो.

आता हिशेब डेसिबलचा. जीपॉन या फायबर-जाळ्याच्या तंत्रातल्या बी-प्लस ऑप्टिक्सला २८ डीबीपर्यंत तोटा चालतो. ओएलटीपासून, म्हणजे ऑपरेटरकडच्या मुख्य यंत्रापासून, ४ किलोमीटर फायबरला १३१० नॅनोमीटरवर सुमारे १.४ डीबी, मुख्य पेटीतला १:४ आणि चाळीच्या दारातला १:१६ असे दोन स्प्लिटर मिळून सुमारे २१, जॉइंट आणि कनेक्टरना २ धरा. बेरीज २४.४. उद्या केबल तुटून जादा जॉइंट पडले तरी साडेतीन डीबी हाताशी आहेत. तरीही ‘जपून’ म्हणून १:३२ आखणारे पुष्कळ, आणि मग ओएलटीचे पोर्ट दुप्पट लागतात. एका पोर्टवरची चौसष्टही घरे एकाच वेळी तुटून पडली तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ३९ एमबीपीएस येतात, हे खरे. पण तीन पाळ्यांच्या वस्तीत सगळे एकाच वेळी जागेही नसतात!

परवानगीसाठीही हीच फाइल चालते. १ जानेवारी २०२५पासून ‘राइट ऑफ वे’चे नवे नियम लागू आहेत. महाळुंग्यात रस्ता ओलांडला की एमआयडीसीची हद्द संपून ग्रामपंचायतीची सुरू होऊ शकते. दोन्ही हद्दी आधीच नकाशावर वेगळ्या रंगात असल्या की अर्ज परत येण्याची शक्यता घटते.

काम झाल्यावर केबल प्रत्यक्षात कुठून गेली आणि जॉइंट कुठे पडले, तेही त्याच फाइलीत भरावे. मार्च २०२३मध्ये आलेल्या ‘कॉल बिफोर यू डिग’ अ‍ॅपवरून जेसीबी लावण्याआधी सूचना जाते ती नोंदणी केलेल्या केबलमालकाला. चाकण पट्ट्यातल्या लहान ऑपरेटरांनी ही नोंदणी पावसाळ्यानंतरची खोदाई सुरू होण्याआधी उरकावी.