आता दिल्लीच जिंकायला हवी

बुधवारी रात्री वानखेडेवर मुंबईनं दिल्लीला ५९ धावांनी हरवलं आणि २०२५ च्या आयपीएलमधली प्लेऑफची शेवटची जागा भरली. आधीचे तिघे रविवारीच आत गेले होते. गुजरातनं दिल्लीला दहा गडी राखून धुतलं, त्या एका निकालानं गुजरातसोबत बंगळूर आणि पंजाबचंही काम झालं. पहिले चारही सामने जिंकलेली दिल्ली बाहेर, आणि पहिल्या पाचांपैकी चार हरलेली मुंबई आत. पहिले चार जिंकूनही प्लेऑफ हुकण्याची वेळ आजवर एकाही संघावर आली नव्हती.

मार्च-एप्रिलमधले सामने मी तुकड्यातुकड्यांनी पाहतो. मे महिन्याच्या मध्यावर गुणतालिका घट्ट झाली की बसून पाहतो. आवडत्या संघाचा सामना त्या दिवशी नसला तरी पाहतो, कारण तेव्हा परक्यांच्या सामन्यातही आपलं काहीतरी अडकलेलं असतं. बीडच्या बार्शी नाक्यावर सकाळी चहाला थांबलं की आठवडाभर एकच प्रश्न: ‘आता आपल्याला काय करावं लागतंय?’ त्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘आपण काय करायचं’ हे नसतंच, कुणी कुणाला हरवायचं हे असतं.

बीडच्या माणसाला हे हिशेब जवळचे वाटतात, त्याचं एक कारण वेळापत्रक आहे. स्पर्धा २२ मार्चला सुरू झाली तेव्हा जिल्ह्यातल्या कितीतरी टोळ्या ऊसतोडीवरून परतत होत्या. कारखान्यांचा पट्टा पडला, कोयते घरी आले, आणि मृगाआधीच्या या दिवसांत लग्नं आणि नांगरट सोडली तर रात्री मोकळ्या असतात. दुसरं कारण असं, की आपला म्हणावा असा संघच आपल्याला नाही. मुंबई चारशेच्या आसपास किलोमीटरवर. पुण्याला दोनदा संघ मिळाला, २०११ ते २०१३ आणि मग २०१६-१७, दोन्ही वेळा गुंडाळला गेला. त्यामुळे इथं एकाच घरात थोरला रोहितचा, धाकटा धोनीचा आणि भाचा कोहलीचा असतो. माणसावर जीव, गावावर नाही. यंदा चेन्नई सगळ्यात आधी शर्यतीतून बाहेर पडली तेव्हा धोनीवाल्यांनी दोन दिवस सुतक पाळलं आणि तिसऱ्या दिवशी ‘निदान मुंबई तरी नको’ या पक्षात दाखल झाले.

या दुसऱ्याच्या भरवशावर बसण्याची चव बीडच्या एका माणसानं फार जवळून घेतली आहे. संजय बांगर, जन्म इथला, २००२ साली हेडिंग्लेला सलामीला येऊन ६८ धावा काढणारा. २०२२ आणि २०२३ या दोन्ही मोसमांत तो बंगळूरचा मुख्य प्रशिक्षक होता. २०२२ मध्ये बंगळूरचे सोळा गुण झाले, पण धावगती उणे. दिल्लीचे चौदा, धावगती अधिक, आणि तिचा शेवटचा सामना मुंबईशी. तारीख २१ मे, मैदान वानखेडे. बंगळूरचा सगळा संघ हॉटेलात टीव्हीसमोर बसून मुंबईचा जप करत होता. शार्दूल ठाकूरच्या चेंडूवर टिम डेव्हिड पहिल्याच चेंडूला यष्टीमागे झेल देऊन गेला होता, पंचांनी बाद दिलं नाही, आणि हातात रिव्ह्यू असून ऋषभ पंतनं तो घेतला नाही. पुढं डेव्हिडनं ११ चेंडूंत ३४ कुटल्या. बंगळूर आत, दिल्ली बाहेर.

बरोबर एक वर्षानं, २१ मे २०२३, डाव उलटला. दुपारी मुंबईनं हैदराबादला हरवलं, कॅमेरून ग्रीननं शतक ठोकलं. रात्री बंगळूरला गुजरातविरुद्ध जिंकणं भाग होतं. कोहलीनं नाबाद १०१ केल्या, शुभमन गिलनं नाबाद १०४ करून त्यावर पाणी ओतलं. बंगळूर बाहेर, मुंबई आत. त्या ऑगस्टमध्ये बांगरचंही पद गेलं. या बुधवारी तारीख पुन्हा २१ मेच होती. योगायोगच, पण मुंबईवाले आता ती कॅलेंडरवर लाल करणार.

नेट रनरेटवर, म्हणजे या धावगतीवर, बरेच जण नाक मुरडतात. समान गुण असतील तर आपसातल्या सामन्यात कोण जिंकलं ते बघा, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. आपसातला निकाल एकदा लागला की लागला. रनरेट मात्र हरलेल्या सामन्याची शेवटची षटकंही जिवंत ठेवतो. नियम अवघड नाही: मोसमभर षटकामागे किती धावा केल्या त्यातून किती दिल्या ते वजा. लोक चुकतात ते सगळा संघ बाद झाला की. बुधवारी दिल्ली १८.२ षटकांत १२१ वर आटोपली, पण भागाकार पूर्ण वीस षटकांनी होतो, म्हणजे ६.०५. मुंबईच्या १८० म्हणजे नऊ. सूर्यकुमारनं आणि नमन धीरनं शेवटच्या दोन षटकांत ४८ धावा काढल्या, त्या नुसत्या त्या रात्रीपुरत्या नव्हत्या, तालिकेतही जमा झाल्या.

गेल्या वर्षीचं चिन्नास्वामी आठवा. १८ मे २०२४. आठांपैकी सात हरून मग सलग पाच जिंकलेली बंगळूर चेन्नईसमोर. २१८ धावांचा पाठलाग करणाऱ्या चेन्नईला २०१ झाल्या तरी पुरे होत्या, हरूनही आत. शेवटच्या षटकात १७ हव्या होत्या. धोनीनं यश दयालला स्टेडियमबाहेर मारलं आणि पुढच्याच चेंडूवर तो बाद झाला. चेन्नई १९१. चार संघांचे चौदा-चौदा गुण, बंगळूर ०.४५९ वर, चेन्नई ०.३९२ वर. आपसातल्या निकालाचा नियम असता तर ते शेवटचं षटक कुणी श्वास रोखून पाहिलं असतं?

आणि २०१४ चा वानखेडे. राजस्थानच्या १८९. प्लेऑफसाठी मुंबईला त्या १४.३ षटकांत ओलांडायच्या होत्या. १४.३ ला धावसंख्या बरोबरीत, रायुडू धावबाद, सगळं संपलं म्हणून राजस्थानवाले नाचले, तेवढ्यात कळलं की पुढच्या चेंडूवर चौकार गेला तरी चालेल. आदित्य तरेनं फॉकनरचा फुलटॉस थेट प्रेक्षकांत भिरकावला. राजस्थानच्या गोटातल्या राहुल द्रविडनं टोपी आपटली. द्रविडनं!

या सगळ्यात एक गोष्ट मात्र मला खुपायची. चहाच्या टपरीवर या मोसमात दुसराही प्रश्न ऐकू यायचा: ‘टीम लावली का?’ एकोणपन्नास रुपये भरून मोबाइलवर अकरा जण निवडायचे, पाच या संघातले, सहा त्या संघातले. असं खेळणाऱ्या पोराला कोण जिंकतंय याच्याशी घेणं नसायचं. त्याचा कर्णधार बाद झाला की त्याचा सामना संपला. गुणतालिका त्याला दिसायचीच नाही. पैसे जायचे ते वेगळंच, पण त्याच्या हातून एका बाजूचं होण्याची मजाही जायची, आणि ती फुकट होती.

यंदा पावसानंही तालिकेत हात घातला. अवकाळीनं मे महिन्यातच आपल्याकडं कांदा-आंब्याची वाट लावली, तिकडं मुंबईत पावसाचा अंदाज पाहून दिल्लीच्या मालकांनी बुधवारचा सामना दुसरीकडं हलवा अशी मागणी केली होती. ती मान्य झाली नाही. नऊ वर्षांपूर्वी मात्र सामने खरंच हलले होते, कारण उलट होतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. लातूरची तहान भागवणारं मांजरा धरण आपल्या केज तालुक्यातलं, धनेगावचं, आणि ते कोरडंठाक पडलं होतं. खेळपट्ट्यांवर पाणी मारण्याविरुद्ध याचिका झाली आणि ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयानं दिला. मैदानावरच्या त्या पाण्यानं इथला एक तलावही भरला नसता, हे तेव्हाही कळत होतं. तरी मराठवाड्याचा दुष्काळ त्या निमित्तानं देशानं पाहिला, म्हणून मला तो आदेश आजही चुकीचा वाटत नाही. मुंबईत ठरलेली अंतिम लढत बंगळूरला गेली आणि हैदराबादनं ती जिंकली. तिसऱ्या क्रमांकावरून, एलिमिनेटर खेळून करंडक नेणारा आजवरचा तोच एक संघ.

म्हणून आता पहिल्या दोनांत येण्याची धडपड. पहिल्या दोघांना हरल्यावर आणखी एक संधी मिळते, तिसऱ्या-चौथ्याला मिळत नाही. हे लिहितोय तेव्हा गुरुवारची गुजरात-लखनौ लढत व्हायची आहे. गुजरात १८, बंगळूर आणि पंजाब १७, मुंबई १६ आणि तिचा एकच सामना उरला आहे, सोमवारी पंजाबशी. तो जिंकला तरी अठराच. पण मुंबईची धावगती चौघांत सरस, त्यामुळे वरच्या तिघांपैकी दोघे अडखळले तर जमतं. पंजाबला शनिवारी जयपूरला अडवायचं काम कुणाकडं आहे? दिल्लीकडं. बुधवारी रात्री जिच्या नावानं फटाके फोडले, त्याच दिल्लीसाठी मुंबईवाले शनिवारी टीव्हीसमोर बसणार आहेत. धोनीवाले अर्थातच पंजाबच्या बाजूनं.