जुन्या गाडीचे ब्रेक पॅड : काटकसर कोठे करावी?

बियाणे घेताना शेतकरी पिशवीवरील जात व मुदत पाहतो आणि पावती मागून घेतो. तोच शेतकरी भाजीपाला वाहणाऱ्या जुन्या व्हॅनला मात्र ‘स्वस्तातले कोणतेही पॅड घाला’ असे मेकॅनिकला सांगतो. ही काटकसर नव्हे.

अकलूज परिसरात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. गळीत हंगामात उसाच्या बैलगाड्या व ट्रॉल्या रस्त्याने संथ चालतात. रात्री त्या चटकन दिसत नाहीत. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी सराटीहून नीरा ओलांडून अकलूजला येते, तेव्हा रस्ता माणसांनी फुलून जातो. अशा वेळी गाडी जागच्या जागी थांबलीच पाहिजे.

वेग ताशी ४० वरून ६० किलोमीटर झाला, की ब्रेकला सव्वादोन पट ऊर्जा शोषावी लागते. भाराने ती आणखी वाढते. या ऊर्जेची उष्णता होते आणि हलक्या प्रतीचा पॅड तापला की त्याची पकड कमी होते. रिकामी गाडी गॅरेजपुढे नीट थांबली, म्हणून भरलेली गाडी शिखर शिंगणापूरच्या घाटात थांबेलच असे नाही.

तथापि, सर्वांत महाग पॅड घ्यावा असेही नाही. गाडीचे मॉडेल व वर्ष सांगून, तिच्या उत्पादकाने ठरविलेल्या प्रकारचाच पॅड बंद वेष्टनात व पावतीसह घ्यावा. मारुती ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, तरी तिचे सुटे भाग मिळतात. दुसऱ्या गाडीचा पॅड घासून बसविण्याचे कारण नाही. पॅडचे अस्तर सुमारे ३ मिलिमीटर उरताच, पुढील दोन्ही चाकांचे पॅड एकदम बदलावेत. अन्यथा गाडी एका बाजूस ओढते. त्याच वेळी डिस्कवरील चरे, मागील ड्रमचे लायनर व ब्रेक ऑइलही तपासून घ्यावे. जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते. म्हणून ती धूळ फुंकून उडवू नये. नवे पॅड बसल्यावर गाडी हलविण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत दाबावे आणि पहिले काही दिवस, पॅड डिस्कवर नीट बसेपर्यंत, गाडी बेताने चालवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी अवजारांबरोबर गाड्यांच्या ब्रेकचीही आठवण शेतकऱ्यांना द्यावी. पॅडवर वाचलेले चार पैसे एका अपघातात कितीतरी पटींनी जातात. गेलेला जीव तर कोणत्याच भावाने परत मिळत नाही.